खुब्याचा एमआरआय आणि ती काळी रेघ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खुब्याच्या एव्हीएनवर थोडंसं लिहिलं होतं. मांडीच्या हाडाचा जो गोल बॉल खुब्याच्या वाटीत बसतो त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतलं हाड मरतं, लोक त्याला 'हाड सुकलं' म्हणतात, तो आजार. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, पण आली ढीगभर, आणि बऱ्याच जणांनी सोबत रिपोर्टचा फोटोच पाठवलाय. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फिल्म वाचणारी. ऑपरेशन करायचं की नाही ते तुमचे हाडांचे डॉक्टर तुम्हाला तपासून ठरवतील, चित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही एवढंच मी सांगू शकते. नावं-गावं गाळलीयत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

डॉक्टर मॅडम, माझं वय ३६. चार महिने डावी जांघ दुखतेय, कधी कधी कळ गुडघ्यापर्यंत जाते. एक्सरे काढला, नॉर्मल. मग मणक्याचा एमआरआय झाला, गादी थोडी सरकलीय म्हणाले, सायटिका म्हणून गोळ्या आणि व्यायाम झाले, फरक शून्य. शेवटी खुब्याचा एमआरआय केला तर दोन्हीकडे एव्हीएन. एक्सरे नॉर्मल होता तर हे आलं कुठून? आणि उजवा खुबा तर अजिबात दुखत नाही, मग रिपोर्ट चुकलाय का?

रिपोर्ट चुकलाय असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर एक्सरेही चुकला नव्हता, त्याला जे दिसतं ते त्याने दाखवलं. एक्सरेला दिसतं कॅल्शियम. हाडातल्या पेशी मेल्या म्हणून कॅल्शियम लगेच कुठे जात नाही, घरातली माणसं गेली तरी भिंती उभ्याच राहतात ना, तसं. रक्त थांबलं की मगजातल्या (मगज म्हणजे इथे हाडाच्या आतला मऊ गर, मेंदू नव्हे) रक्त बनवणाऱ्या पेशी काही तासांत मरतात, हाडाच्या पेशी साधारण एक-दोन दिवसांत, आणि चरबीच्या पेशी सगळ्यात चिवट, त्या दोन ते पाच दिवस तग धरतात. हे सगळं होऊन गेलं तरी एक्सरेवर बॉल गोल गरगरीत आणि पांढराशुभ्रच दिसतो. तो बदलायला महिने लागतात.

एमआरआयचं तसं नाही. त्याला कॅल्शियमशी काही देणंघेणं नाही, तो पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन बघतो. मोठ्या माणसाच्या खुब्याच्या बॉलमध्ये पिवळा मगज असतो, म्हणजे बहुतेक चरबीच, आणि टी-वन नावाच्या फोटोत चरबी पांढरी चकचकीत येते. त्या पांढऱ्यात एक काळी रेघ वाकडीतिकडी फिरलेली दिसली, बॉलच्या वरच्या-पुढच्या भागात, जिथे चालताना सगळं वजन येतं, की एव्हीएन.

आता एक गोष्ट जी रुग्णांना कोणी सांगत नाही आणि मला मात्र दरवेळी सांगावीशी वाटते. ती रेघ म्हणजे मेलेलं हाड नाही! मेलेला तुकडा रेघेच्या आत असतो, आणि सुरुवातीला तो चक्क नॉर्मलसारखा पांढराच दिसतो, कारण पेशी मेल्या तरी तिथली चरबी तशीच पडून असते. रेघ असते ती सीमा. जिवंत बाजूकडून शरीर दुरुस्तीला येतं, नव्या रक्तवाहिन्या आणि नवा तंतूंचा थर घेऊन, आणि मेलेल्या तुकड्याच्या कडेला येऊन अडतं, तिथे जाड हाडाचा बांध घातला जातो. म्हणजे दिसतं ते भांडण, प्रेत नाही. टी-टू फोटोत याच सीमेच्या कधी दोन रेघा दिसतात, आतली पांढरी आणि बाहेरची काळी, तिला आम्ही डबल लाइन साइन म्हणतो आणि ती दिसली की रेडिओलॉजिस्टचा चेहरा खुलतो कारण मग शंका उरत नाही. (गंमत म्हणजे त्या दुसऱ्या रेघेत थोडा वाटा मशीनचाही असतो, पाणी आणि चरबी यांचे सिग्नल फोटोत किंचित सरकून बसतात म्हणून. पण निदान बरोबरच असतं, काळजी नको.)

रिपोर्टमध्ये फक्त 'एव्हीएन' शब्द बघून घाबरू नका असं मी म्हणते ते यासाठीच. शब्द महत्त्वाचा नाही, रेघेने किती मोठा तुकडा कापून काढलाय, तो वजन येणाऱ्या जागी आहे की आतल्या कडेला, आणि वरचा गोलावा अजून टिकलाय की खचलाय, सगळं या तीन गोष्टींवर आहे.

उजव्या खुब्याचं म्हणाल तर मार लागून झालेला एव्हीएन एका बाजूला असतो, पण स्टिरॉइड, दारू, किंवा कारणच सापडत नाही अशा एव्हीएनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना दोन्ही बाजूंना असतो, फक्त दोन्ही एकाच वेळी दुखत नाहीत. म्हणून तर आम्ही एका खुब्याची चिठ्ठी आली तरी दोन्ही खुबे एका फोटोत घेतो. न दुखणारा खुबा सापडला हे वाईट नाही, उलट तोच वाचवायची जास्त संधी असते कारण तो अजून गोल आहे.

आणि गुडघ्याची कळ. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा एकच आहेत, त्यामुळे खुबा दुखतो आणि माणूस गुडघा चोळत बसतो, हे जुनंच आहे. मणक्याचं दुखणं बहुतेकदा ढुंगणातून मागच्या बाजूने खाली उतरतं, खुब्याचं जांघेत असतं, बूट-मोजे घालताना, गाडीतून उतरताना, पाय आत वळवताना चमक येते. छत्तिसाव्या वर्षी गादी थोडी सरकलेली कितीतरी धडधाकट लोकांमध्ये सापडते, ती सापडली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. मी स्वतः नवीन असताना एका मणक्याच्या एमआरआयमध्ये कोपऱ्यात खुब्याचा बॉल अर्धवट आला होता आणि त्यात ती रेघ होती, मी मणके मोजत बसले आणि रेघ सुटली. सिनियरने दाखवली. तेव्हापासून मणक्याच्या फिल्मचा कोपरा बघितल्याशिवाय सही करत नाही.

एका सेंटरने ग्रेड ३ लिहिलंय, दुसऱ्या डॉक्टरांनी तीच सीडी बघून स्टेज ४ म्हटलं. महिन्याभरात एवढं वाढलं का? झोप उडालीय.

वाढलं नसेल, मोजपट्टी बदलली असेल. या आजाराची स्टेज मोजायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत आणि डॉक्टर लोक कुठली वापरली ते लिहायला विसरतात, हा आमच्याच लोकांचा आळशीपणा. जुनी पद्धत फिकाट आणि आर्लेची, ती मुळात एक्सरेवर बेतलेली, तिच्यात १ ते ४. मग स्टाइनबर्गची, ० ते ६. आणि आर्को म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिची, जी २०१९ला सुधारली, तिच्यात परत १ ते ४. आता समजा बॉल वरून थोडा चपटा झालाय, सांध्यातलं अंतर अजून ठीक आहे. हाच खुबा आर्कोत ३, स्टाइनबर्गमध्ये ४. माणूस तोच, फिल्म तीच. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, 'कुठल्या पद्धतीने?'

आर्कोची पद्धत मला आवडते कारण लक्षात राहते. एक्सरे नॉर्मल आणि एमआरआयवर रेघ, ती पहिली. एक्सरेवरही डाग दिसायला लागले पण बॉल गोल आहे, दुसरी. बॉलच्या कवचाखाली तडा गेला किंवा तो खचला, तिसरी, त्यात २ मिलिमीटरपर्यंत खचला तर ३-अ आणि त्याहून जास्त तर ३-ब. सांधाच झिजला, वाटीवरही परिणाम झाला, चौथी. खरी लक्ष्मणरेषा दुसरी आणि तिसरीच्या मधे आहे. बॉल एकदा खचला की तो परत गोल होत नाही, आणि खुबा वाचवायची जी ऑपरेशनं आहेत त्यांचा उपयोग बराच कमी होतो.

यात एक गोची आहे. कवचाखालचा तो बारीक तडा, एक्सरेवर चंद्रकोरीसारखा दिसतो तो, एमआरआयमध्ये कधी कधी नीट पकडला जात नाही, त्याला सीटी स्कॅन जास्त चांगला. म्हणून एमआरआय झालाय तरी डॉक्टरांनी वर सीटी लिहिला तर 'पैसे काढतायत' असं लगेच म्हणू नका, दुसरी की तिसरी हे ठरवायला तो लागू शकतो. एमआरआयवर दुसरा एक इशारा मिळतो, सूज. रेघेच्या बाहेर, बॉलच्या मानेपर्यंत मगजात पाणी साठलेलं दिसलं (स्टर नावाच्या फोटोत ते पांढरं येतं) आणि सांध्यातही पाणी असलं, तर बरेचदा खचणं सुरू झालंय किंवा जवळ आलंय, आणि दुखणंही त्याच सुमारास वाढतं. आधी न दुखणारा खुबा अचानक दुखायला लागला की आम्ही ती सूज शोधतो.

स्टेजइतकाच आकार महत्त्वाचा. स्टाइनबर्गच्या पद्धतीत बॉलचा १५ टक्क्यांपेक्षा कमी भाग, १५ ते ३०, आणि ३०च्या वर असे तीन गट आहेत. दुसरा एक हिशोब कोनाचा, केरबूलचा म्हणतात. बॉलच्या बरोब्बर मधल्या दोन फोटोंत, एक समोरून एक बाजूने, मेलेल्या तुकड्याने बॉलच्या केंद्राशी किती अंशाचा कोन व्यापलाय ते मोजायचं आणि दोन्हीची बेरीज करायची. एमआरआयवर ही बेरीज १९०च्या आत असेल तर खचण्याचा धोका कमी, २४०च्या पुढे गेली तर फार जास्त, आणि मधल्यांचं सांगणं अवघड. लहान तुकडा, तोही आतल्या बाजूला, वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. तुमच्या रिपोर्टमध्ये आकारच लिहिला नसेल तर त्या सेंटरला फोन करून विचारा, तुमचा हक्क आहे तो. 'एव्हीएन चेंजेस नोटेड' एवढ्या एका ओळीत उरकलेला रिपोर्ट बघितला की माझं डोकं फिरतं.

माझ्या बहिणीला सातवा महिना आहे. अचानक उजवा खुबा इतका दुखायला लागला की पाय टेकवत नाही. एमआरआय केला (गरोदरपणात केला हे बरोबर का?), रिपोर्टमध्ये 'बॉल आणि मानेत पसरलेली सूज, एव्हीएनची शक्यता' असं आहे. आता काय?

एमआरआय केला ते योग्यच, त्यात एक्सरेसारखं रेडिएशन नाही. फक्त कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत रक्त जातं ती जागा उजळवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन गरोदरपणात टाळतात, आणि या कामाला ते लागतही नाही.

आता रिपोर्ट. त्यात रेघेचा उल्लेख आहे का ते बघा. मला वाटतं नसेल. शेवटच्या तिमाहीत एक वेगळाच आजार होतो, खुब्याचा तात्पुरता ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड काही काळापुरतं विरळ होणं. १९५९ साली कर्टिस आणि किंकेड यांनी तीन गरोदर बायकांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला, नंतर कळलं की मध्यमवयीन पुरुषांनाही होतो. यात पूर्ण बॉल आणि मान सुजते, टी-वनवर काळपट आणि स्टरवर पांढरी दिसते, पण आत मेलेला तुकडा वेगळा काढणारी ती सीमारेघ नसते. काही आठवड्यांनी एक्सरे काढला तर हाड पुसट दिसतं. आणि मुख्य म्हणजे हा आपोआप बरा होतो, साधारण सहा महिने ते वर्षभरात. एव्हीएन समजून या खुब्यात कोणी भोक पाडलं (एव्हीएनसाठी तसं एक ऑपरेशन असतं) तर वाईट वाटेल ना!

कधी कधी सुजेबरोबर एक बारीक रेघ पण असते, आणि इथे चांगले चांगले गडबडतात. रेघेचा आकार बघायचा. एव्हीएनची रेघ बशीसारखी, वर उघडी, आणि त्या बशीत मेलेला तुकडा बसलेला. कमजोर हाडाला वजनाने गेलेल्या तड्याची रेघ बॉलच्या वरच्या कडेला समांतर, म्हणजे उलट्या बाजूला वळलेली, तुटक आणि वेडीवाकडी. हा तडा हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांमध्येही दिसतो आणि सुरुवातीला त्याचंही एव्हीएन म्हणून लेबल लागतं.

बहिणीला तोवर काठी किंवा कुबडी घेऊन त्या पायावर वजन कमी टाकायला सांगा, पडू देऊ नका कारण हाड खरंच कमजोर असतं, आणि हाडांचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. दोन-तीन महिन्यांनी परत एमआरआय केला की सूज ओसरताना दिसेल, आणि तेव्हा रेघ आहे की नाही हेही स्पष्ट होईल.

मला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आहे, गेल्या वर्षी स्टिरॉइडचा मोठा डोस चालू होता, आता कमी केलाय. खुबे दुखत नाहीत पण वाचून वाचून धसका घेतलाय. एमआरआय करून टाकू का? आणि गोळ्या बंद करू का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत. बरेच दिवस स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, ते अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं, शिवाय ल्युपस उसळेल ते वेगळंच. आणि झालेला एव्हीएन गोळी थांबवून परत जात नाही.

आता एमआरआय. मोठा डोस सुरू झाल्यावर रेघ उमटायची असेल तर बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच उमटते, दुखणं मात्र त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतं. म्हणजे तुमच्या केसमध्ये आज एमआरआय स्वच्छ निघाला तर बऱ्यापैकी निश्चिंत होता येईल, आणि पहिल्या महिन्यात काढला असता तर त्या स्वच्छ रिपोर्टला फारसा अर्थ नव्हता. सरसकट प्रत्येक स्टिरॉइडवाल्याचा एमआरआय करावा असं मी म्हणणार नाही, दम्याचा पंप आणि त्वचेचं मलम वापरणाऱ्यांनी तर हा धसका घेऊच नये. पण ल्युपस, किडनी बदललेले, कॅन्सरसाठी मोठे डोस झालेले, अशांनी जांघेत जरासं जरी दुखलं तर 'बघू महिनाभर' न म्हणता सांगावं, आणि डॉक्टरांनी नॉर्मल एक्सरेवर थांबू नये. ल्युपसमध्ये गुडघा आणि खांद्यालाही होऊ शकतो, तेव्हा खुब्यात सापडला तर बाकीचे दुखणारे सांधेही दाखवा.

कोविडच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्यांची बरीच पत्रं आहेत, त्यांनाही हेच उत्तर लागू. डोस किती आणि किती दिवस हे जुन्या कागदांतून शोधून न्या, पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स आणि महिनाभराचा मोठा डोस यात फरक आहे.

आमच्या मुलाला सिकल सेल (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) आहे, वय १९. दोन ठिकाणी एमआरआय वाचून घेतला, एक म्हणतो रेघ आहे, एक म्हणतो नक्की नाही.

सिकल सेलमध्ये हे वाचणं खरंच अवघड आहे. रक्ताची कमी भरून काढायला शरीर पिवळ्या मगजाचा परत लाल मगज करतं, त्यामुळे टी-वनवरचा पांढरा पडदाच काळपट होतो, आणि काळपट पडद्यावर काळी रेघ शोधायची म्हणजे बघा. त्यात हाडातला इन्फेक्शनचा प्रश्न वेगळा, तोही तसाच सुजलेला दिसतो. ताप, रक्ताच्या तपासण्या आणि मुलाची हालचाल हे सगळं बरोबर ठेवूनच वाचावं लागतं. सिकल सेलचे रुग्ण रोज बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा, तिसरं मत घ्यायला लाजू नका.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दोन महिने लंगडतोय, विचारलं तर गुडघा दाखवतो. डॉक्टरांनी पर्थेस म्हटलंय आणि कॉन्ट्रास्टचा एमआरआय सांगितलाय. एवढ्या लहान मुलाला इंजेक्शन देऊन एमआरआय गरजेचा आहे का?

पर्थेस म्हणजे लहान मुलांमधला एव्हीएनच, पण स्वभावाने वेगळा. १९१०मध्ये लेग, काल्व्हे आणि पर्थेस या तिघांनी तीन वेगवेगळ्या देशांत स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं, नावात मात्र एकटा पर्थेस उरला, बिचारे बाकीचे दोघे. साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांना होतो, मुलींपेक्षा मुलांना चार-पाचपट जास्त. मोठ्या माणसाचं मेलेलं हाड सहसा परत उभं राहत नाही, लहान मुलाचं राहतं, दोन ते चार वर्षांत जुनं विरघळतं आणि नवं बनतं. प्रश्न एवढाच की नवं बनेपर्यंत बॉल वाटीत नीट बसून गोल राहतो का.

म्हणून मोठ्यांमध्ये मी कॉन्ट्रास्टला नको म्हणते आणि इथे हो म्हणू शकते. मोठ्यांमध्ये रेघ बघायची असते, ती साध्या फोटोत दिसते. मुलात बघायचं असतं बॉलच्या किती भागात आत्ता रक्त पोहोचतंय, आणि त्यासाठी इंजेक्शनच्या आधीचा फोटो नंतरच्यातून वजा करतात, जिथे रक्त जातं ती जागा उजळते, जिथे नाही ती काळी राहते. आजार लवकरच्या टप्प्यात असेल आणि किती जपायचं हे ठरवायचं असेल तर त्याचा उपयोग आहे. पण हाड परत भरायला लागल्याचं एक्सरेवरच दिसत असेल तर मीही विचारलं असतं की याने उपचार बदलणार आहेत का. हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारा, चांगले डॉक्टर चिडत नाहीत. सात वर्षांचं मूल बरेचदा गोष्ट ऐकत, हेडफोन लावून शांत पडून राहतं, गुंगी लागेलच असं नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर मात्र कॉन्ट्रास्टच्या आधी नक्की सांगा.

मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर होऊन स्क्रू टाकलेत, वर्ष झालं. आता परत दुखतं. स्क्रू असताना एमआरआय होतो का?

होतो. हाडातले टायटॅनियमचे किंवा आजकालचे स्टीलचे स्क्रू मशीनने ओढून बाहेर येत नाहीत, ही भीती काढून टाका. अडचण वेगळी आहे, धातूच्या भोवती फोटो फाटतो, काळा खड्डा आणि कडेने पांढरी झळाळी येते आणि नेमका बॉल त्यातच सापडतो. स्टीलने जास्त, टायटॅनियमने कमी. ते कमी करायच्या खास सेटिंग असतात, अपॉइंटमेंट घेतानाच 'खुब्यात स्क्रू आहेत' सांगितलं तर ते तशी तयारी करतात. आणि इथे ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मोठं मशीन मिळालं म्हणून खूश होऊ नका, धातूसाठी १.५ बरं.

मानेच्या फ्रॅक्चरमध्ये बॉलकडे चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तिथेच तुटतात, म्हणून एव्हीएनचा धोका, आणि तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतो. फ्रॅक्चरनंतर पहिल्या दोन दिवसांत केलेला साधा एमआरआय मात्र याबाबतीत काही सांगत नाही, बॉल मेला असला तरी त्यातली चरबी अजून पांढरीच असते आणि दुरुस्तीची रेघ उमटायला आठवडे जातात. तेव्हा 'त्या वेळी एमआरआय नॉर्मल होता' याचा आज आधार घेऊ नका. दुखण्याचं कारण हाड नीट न जुळणं किंवा स्क्रू बाहेर सरकणं हेही असू शकतं, त्यामुळे आधी नवा एक्सरे.

छोटे छोटे प्रश्न, एकत्रच उत्तर देते.

मशीनमध्ये जीव घाबरतो: खुब्यासाठी कंबर मशीनच्या मध्यभागी यावी लागते, त्यामुळे पाय आधी आत घातले तर डोकं बरेचदा तोंडाशी किंवा बाहेर राहतं, तसं मागून घ्या. हातात घंटी देतात, ती दाबली की थांबवतात. वीस ते चाळीस मिनिटं लागतात, आवाज प्रचंड, कानात बोळे घाला. हललात तर फोटो हलतो आणि परत तेवढीच मिनिटं.

रेडिएशन: नाही. याचं जुनं नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स होतं, त्यातला न्यूक्लिअर म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, बॉम्ब नव्हे, पण लोक दचकायला लागले म्हणून शब्दच गाळला.

१.५ की ३ टेस्ला: एव्हीएनची रेघ दोन्हींत दिसते, १.५वाला रिपोर्ट आहे म्हणून परत करू नका.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर: आत जायच्या आधी सांगायचंच, कार्ड बरोबर न्या. अंगावर औषधाची चिकटपट्टी असेल तर तीही सांगा, काहींच्या मागे धातूचा पातळ थर असतो आणि तो तापतो.

पाणबुड्याचं काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय की खोल पाण्यातून वर येण्याचा खुब्याशी काय संबंध. संबंध आहे. दाब झपकन कमी झाला की रक्तात आणि चरबीत नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. खांद्याचाही फोटो काढून घ्या.

माझं कोअर डीकम्प्रेशन झालंय, बॉलमध्ये भोक पाडून दाब कमी केला. आठ महिन्यांनी परत एमआरआय केला, रिपोर्टमध्ये एव्हीएन तसाच आहे. म्हणजे ऑपरेशन फेल गेलं का? दुखणं तर खूप कमी आहे.

दुखणं कमी आहे हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मी सुरुवातीला वाचलं. ती रेघ पुसली जाईल अशी अपेक्षा कोणी ठेवायला लावली माहीत नाही, पण ती चुकीची होती. रेघ बहुतेकांची राहतेच, शिवाय भोकाचा काळा बोगदा नवा दिसतो, आणि सूज काही महिने रेंगाळू शकते. ऑपरेशनचा हेतू बॉल खचू न देणं हा असतो. तेव्हा नव्या रिपोर्टमध्ये बघायचं ते एवढंच की वरचा गोलावा आठ महिन्यांपूर्वीसारखाच आहे का, तुकडा मोठा झालाय का, आणि सूज वाढलीय की ओसरलीय. यातलं बरंचसं एक्सरेवरही कळतं, दर थोड्या महिन्यांनी एमआरआय करत बसायची गरज नसते. आणि पुढच्या वेळी जाताना जुनी सीडी बरोबर न्या, रिपोर्टचा कागद नव्हे, सीडी. जुनी फिल्म शेजारी लावल्याशिवाय वाढलंय की तसंच आहे हे कोणीच सांगू शकत नाही, तुमचा तो 'तसाच आहे' पण कशाशी ताडून लिहिलाय ते आधी विचारा.